प्रार्थनेचं माप

थोरल्या जाऊबाईंची बायपास ठरली तेव्हा आषाढाची अष्टाह्निका चालू होती. बस्तीत सिद्धचक्र विधान होतं, त्यामुळे मंडळातल्या सगळ्याजणी रोज सकाळी भेटत होत्या. मीच विषय काढला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत अखंड णमोकार जप करायचा, तासातासाला चारजणींनी बसायचं. वही काढली, नावं लिहिली, पाळ्या लावल्या. शहापूरच्या आल्या, टिळकवाडीच्या आल्या, सांगलीहून पाहुणी म्हणून आलेली एक विहीणबाईसुद्धा बसली. संध्याकाळी मी दवाखान्यात गेले आणि मोठ्या हौसेनं सांगितलं, "अक्का, आज दिवसभर बस्तीत तुमच्यासाठी जप झाला. अठ्ठेचाळीस जणी बसल्या होत्या."

मला वाटलं होतं, अक्का हात जोडतील. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "एवढं काय झालंय गं मला? डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काय सांगितलंय का? लपवायला लागलाय काय सगळे?"

मी नाही नाही म्हणत राहिले. जितकं नाही म्हणाले तितका त्यांचा संशय वाढला. त्या रात्री त्यांच्याजवळ मीच होते, त्या झोपल्या नाहीत हे मला ठाऊक आहे. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले, आयसीयूतले दोन दिवस वाढले. बायपासनंतर पुष्कळांना असं होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच आहे. अक्का आज माझ्याहून जास्त चालतात. पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही.

पुढं वर्षभरानं माझी भाची सुट्टीला आली. ती हुबळीला नर्सिंग शिकवते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, ह्यावर अमेरिकेत अभ्यास झालाय. अठराशे रुग्णांवर. बायपासच्याच." मला आधी हसूच आलं. प्रार्थनेचा अभ्यास म्हणजे काय, जप किलोवर मोजायचा? तिनं कागद पाठवले. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत हा विषय मी बरेच दिवस वाचत बसले. प्रार्थनेला खरंच माप लावायला निघालेली माणसं दीडशे वर्षांपूर्वी होती, आणि हात ठेवून रोग बरा होतो का हे तपासणारी तर त्याच्याही आधी.

सुरुवात एका आजारी राजपुत्रापासून करावी लागते. मुंबईच्या काळ्या घोड्यावर ज्याचा पुतळा बसलेला होता (तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे) तोच हा एडवर्ड, व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा. १८७१ च्या हिवाळ्यात त्याला विषमज्वर झाला. त्याचे वडील, राणीचे यजमान, दहा वर्षांपूर्वी १४ डिसेंबरला गेले होते आणि तेव्हाही डॉक्टरांनी विषमज्वरच सांगितला होता. त्यामुळे डिसेंबर उजाडला तसा सगळ्या देशाच्या पोटात गोळा आला. चर्चाचर्चांतून प्रार्थना सुरू झाल्या. आणि नेमका त्या १४ तारखेच्या सुमाराला ताप उतरणीला लागला. फेब्रुवारी १८७२ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मोठा आभारविधी झाला, राणी स्वतः गेली.

आता आपल्याकडे असं झालं असतं तर गोष्ट तिथं संपली असती. तिथं मात्र काही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ चिडले. राजपुत्राला रात्रंदिवस जपणारे डॉक्टर होते, त्यांचं नाव कुणी घेईना. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जॉन टिंडल ह्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञानं एका मासिकात एक पत्र छापून आणलं. पत्र लिहिणाऱ्याचं नाव दिलं नव्हतं. तो हेन्री थॉम्पसन नावाचा शल्यचिकित्सक, हे नंतर कळलं. पत्रातली सूचना साधी होती. एखादा दवाखाना किंवा त्यातला एक वॉर्ड निवडा. तिथं चांगले डॉक्टर असू देत, आणि ज्या रोगांत शंभरांत किती दगावतात हे आधीपासून माहीत आहे असेच रुग्ण ठेवा. तीन ते पाच वर्षं देशातल्या सगळ्या भाविकांनी त्या वॉर्डासाठी खास प्रार्थना करावी. मग तिथले मृत्यू आणि इतर दवाखान्यांतले मृत्यू शेजारी मांडून बघावेत. झालं.

ह्यावर जो गदारोळ उठला त्याला इंग्रजीत प्रार्थनेच्या मापाचा वाद असंच नाव पडलं. धर्मगुरू म्हणाले, देवाची परीक्षा घेणारे तुम्ही कोण? काहींचा मुद्दा मला जास्त पटला: एका वॉर्डासाठी प्रार्थना करायची म्हणजे शेजारच्या वॉर्डातल्या रुग्णांना मुद्दाम वगळायचं, हे भक्ताला जमेल कसं? प्रयोग काही झाला नाही.

तो झाला नाही म्हणून फ्रान्सिस गाल्टननं दुसरी वाट काढली. हा डार्विनचा भाऊबंद, आकडे मोजायची त्याला भारी हौस. ऑगस्ट १८७२ मध्ये त्यानं एक निबंध छापला. त्याचं म्हणणं असं: नवा प्रयोग कशाला हवा, प्रयोग तर रोज चालूच आहे. इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी राजाराणीला दीर्घायुष्य मागितलं जातं. मग राजे जास्त जगतात का ते बघा. त्यानं आधीच छापलेली एक आयुर्मर्यादेची तालिका घेतली. राजघराण्यातल्या माणसांचं सरासरी वय निघालं ६४.०४ वर्षं. धर्मगुरूंचं ६९.४९, वकिलांचं ६८.१४, डॉक्टरांचं ६७.३१, गावोगावच्या खात्यापित्या जमीनदारांचं ७०.२२. म्हणजे सुखवस्तू लोकांमध्ये सगळ्यात कमी जगणारे राजेच. धर्मगुरूंचा आकडा बरा दिसतो, पण फक्त नावाजलेले धर्मगुरू, नावाजलेले वकील आणि नावाजलेले डॉक्टर घेतले तर धर्मगुरू सगळ्यांच्या खाली जातात, हेही त्यानं दाखवलं. शेवटी त्यानं विम्याकडे बोट दाखवलं. मिशनरी घेऊन जाणाऱ्या जहाजाला विमा कंपनी एक पैसा तरी कमी लावते का?

विम्याचा मुद्दा वाचून मी मोठ्यानं हसले. घरात व्यापार असलेल्या बाईला तो लगेच कळतो. पण गाल्टनचं गणित अर्धंच आहे. राजाचं खाणंपिणं, घराण्यातल्या घराण्यात होणारी लग्नं, असे किती तरी फरक त्या सरासरीत दडलेले असतात. शिवाय दर रविवारी ठरलेल्या वाक्यात राजाला आयुष्य मागणारा माणूस मनापासून मागत होता का? गाल्टन माणूस म्हणूनही मला फारसा आवडत नाही. चांगल्या कुळांनीच वाढावं असं सांगणाऱ्या शास्त्राला नाव दिलं ते ह्यानंच, आणि त्या शास्त्रानं पुढं जगात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी एक गोष्ट त्यानं प्रामाणिकपणे मान्य केली होती: प्रार्थनेनं मन हलकं होतं, धीर येतो. त्याचा प्रश्न तेवढाच होता की मागितलेलं मिळतं का.

प्रार्थना दुरून होते. हात ठेवणं जवळून. त्याचा तपास आणखी जुना आहे.

गळ्याला गाठी येऊन फुटतात त्या गंडमाळा. हा क्षयाचाच एक प्रकार. इंग्लंड-फ्रान्समध्ये समजूत होती की राजानं हात लावला तर त्या बऱ्या होतात. दुसऱ्या चार्ल्स राजानं आपल्या कारकिर्दीत ९०,००० च्या वर माणसांना हात लावला, ह्याची नोंद आहे. गर्दी इतकी की चिठ्ठी असल्याशिवाय आत सोडत नसत. इंग्रजीचा कोश लिहिणारा सॅम्युएल जॉन्सन लहान असताना, १७१२ साली, त्याच्या आईनं त्याला लंडनला अॅन राणीकडे नेलं होतं. राणीनं हात लावला, सोन्याचं एक नाणं गळ्यात घातलं. ते त्यानं जन्मभर बाळगलं. गंडमाळांचे वणही जन्मभर राहिले. तान्ह्या लेकराला घेऊन एवढ्या लांबचा प्रवास करणारी ती आई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याकडच्या किती आया अशा निघतात.

खरी परीक्षा झाली ती १७८४ साली, पॅरिसला. मेस्मर नावाचा डॉक्टर सांगत होता की जगभर एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो आपण हातांनी रोग्याच्या शरीरात वळवू शकतो. त्याच्याकडे बायका जात, हात फिरवला की थरथरत, बेशुद्ध पडत, उठल्यावर बरं वाटतंय म्हणत. राजानं चौकशी समिती नेमली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होता, आणि पुढं ज्याचं नाव गिलोटिनला चिकटलं तो डॉक्टर गियोतँही होता. फ्रँकलिन तेव्हा म्हातारा आणि आजारी, म्हणून काही प्रयोग त्याच्या घरी, त्याच्या बागेत झाले. मेस्मरच्या शिष्यानं बागेतल्या एका झाडात आपली शक्ती भरली. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेलं. चौथ्या झाडाशी मुलगा बेशुद्ध पडला. शक्ती भरलेलं झाड ते नव्हतंच. कुणाला न सांगता शक्ती दिली तर काही होईना. आणि न देता दिली म्हणून सांगितलं की सगळं व्हायचं. समितीनं लिहिलं, हे सारं कल्पनेचं काम आहे.

औषधाची परीक्षा करताना रुग्णाला काय दिलं ते कळू द्यायचं नाही, ही आजची रीत. तिचं एक मूळ त्या बागेत आहे, असं म्हणतात. त्याच समितीनं राजाला एक गुप्त अहवालही दिला होता: हात फिरवणारे पुरुष, रोगी बायका, दोघं इतक्या जवळ, ह्यानं नीतीला धोका आहे. शास्त्राच्या अहवालाला बायकांच्या चारित्र्याची शेपटी लावल्याशिवाय त्या शहाण्यांनाही राहवलं नाही.

पुढचं शतक सोडून देते. १९६० च्या सुमाराला कॅनडात माँट्रियलला बर्नार्ड ग्रॅड नावाच्या संशोधकानं एका निवृत्त हंगेरियन लष्करी अधिकाऱ्याला प्रयोगशाळेत बोलावलं. हा एस्टेबानी घोड्यांवर, माणसांवर हात ठेवून बरं करतो अशी ख्याती होती. ग्रॅडनं त्याच्यापुढं उंदीर ठेवले. उंदराला कल्पना नसते, भक्ती नसते, हा त्यातला विचार. पाठीवर जखम केलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यावर एस्टेबानी हात धरून बसे. त्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या असं ग्रॅडनं छापलं. ह्याच एस्टेबानीला काम करताना बघून न्यूयॉर्कमध्ये नर्सिंग शिकवणाऱ्या डोलोरेस क्रिगर ह्यांनी, डोरा कुन्झ ह्या थिऑसॉफिस्ट बाईंच्या साथीनं, एक पद्धत बांधली. नाव स्पर्शाचं, पण स्पर्श करायचा नाही. अंगापासून काही बोटं वर हात फिरवायचा आणि रोग्याभोवतीची ऊर्जा सारखी करायची. ह्या ऊर्जेसाठी क्रिगर बाईंनी शब्द घेतला तो आपला 'प्राण'. अमेरिकेतल्या दवाखान्यांतून हजारो नर्सेस हे शिकल्या.

आणि मग एक शाळकरी पोर आली. एमिली रोझा, कोलोरॅडोची, वय नऊ. आई नर्स, तिला ह्या पद्धतीबद्दल शंका. एमिलीला शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं. तिनं पुठ्ठ्याचा एक उभा पडदा केला, खाली दोन भोकं पाडली. पडद्यापलीकडे बसलेल्या तज्ज्ञानं दोन्ही हात भोकांतून आत सरकवून तळवे वर करून ठेवायचे. इकडे एमिली नाणं उडवायची आणि जे येईल त्याप्रमाणं आपला हात त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर काही बोटं अंतरावर धरायची. प्रश्न एकच: माझा हात कुठल्या हाताजवळ आहे? एकवीस तज्ज्ञ बसले, काहींना तर वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव. एकूण २८० वेळा विचारलं, १२३ उत्तरं बरोबर आली. शंभराला ४४. डोळे मिटून अंदाज केला तरी पन्नास बरोबर यायला हवीत. १९९८ साली हे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मासिकात छापून आलं तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती.

ह्या प्रयोगानं रोगी बरे होतात की नाही हे तपासलं नाही, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या अंगातली बिघडलेली ऊर्जा मला हाताला कळते असा ज्याचा दावा आहे, त्याला निदान समोर हात आहे की नाही एवढं तरी कळायला हवं ना? मला तर ह्या सगळ्या इतिहासात सर्वांत स्वच्छ प्रयोग हाच वाटतो. पुठ्ठा, टॉवेल आणि नाणं, एवढीच सामग्री.

इथं मला थांबावं लागतं. माझ्या एका मावसबहिणीला छातीत गाठ लागली होती. ती घाबरली, शिवाय पुरुष डॉक्टरपुढं जायची लाज. कुणीतरी तिला हात न लावता बरं करणाऱ्या एका बाईंचं नाव सांगितलं. त्या बाई प्रेमळ होत्या, हे तीही सांगायची. गाठ विरघळायला लागली आहे, फक्त धीर धर, असं त्या दर आठवड्याला म्हणत. सात महिने गेले. बहीण आज नाही. सात महिने आधी डॉक्टरकडे गेली असती तर वाचलीच असती असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ते सात महिने तिच्या हातात होते. नऊ वर्षांच्या पोरीचा तो पुठ्ठा त्या बाईंच्या दिवाणखान्यात कुणीतरी नेऊन ठेवायला हवा होता, असं माझ्या मनात अजून येतं.

आता दुरून केलेल्या प्रार्थनेकडे परत येते. थॉम्पसनचा न झालेला प्रयोग शंभरेक वर्षांनी अमेरिकेत सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दवाखान्यात डॉक्टर रँडॉल्फ बर्ड ह्यांनी हृदयविकाराच्या ३९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकासाठी श्रद्धाळू ख्रिश्चनांनी प्रार्थना केली. १९८८ साली निष्कर्ष छापून आला: २६ पैकी सहा बाबतींत प्रार्थनेचा गट बरा. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पण मृत्यू दोन्हीकडे सारखेच, दवाखान्यातले दिवस सारखेच. सव्वीस दारं ठोठावली की दोन-चार उघडायचीच. १९९९ मध्ये कॅन्सस सिटीला ९९० रुग्णांवर तसंच झालं, फरक थोडा, वाद मोठा.

२००१ मधला एक अभ्यास तर बायकांनी लक्षात ठेवावा असा. कोरियातल्या एका दवाखान्यात मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या १९९ बायका. त्यांच्यासाठी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात प्रार्थना झाल्या. ज्यांच्यासाठी झाल्या त्यांना गर्भ राहण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट, असा दावा. जगभर बातम्या झाल्या. पुढं प्रश्न निघाले. तीन लेखकांपैकी एकानं २००४ साली ह्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका आर्थिक फसवणुकीची न्यायालयात कबुली दिली, दुसऱ्यानं आपलं नाव काढून घेतलं. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचा राग आला. त्या १९९ बायकांना ह्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या कुशीवर प्रयोग चालला होता आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग मला माझी वही आठवली. अक्कांना मी तरी कुठं विचारलं होतं?

भाची म्हणाली होती तो अभ्यास २००६ साली आला. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन त्याचे प्रमुख. ध्यानानं रक्तदाब, श्वास कसे शांत होतात ह्यावर त्यांनी उभं आयुष्य काम केलेलं. म्हणजे माणूस ह्या विषयाचा वैरी नव्हे. पैसा दिला होता टेम्पल्टन फाउंडेशननं, धर्म आणि विज्ञान जवळ यावेत असं वाटणाऱ्या संस्थेनं. चोवीस लाख डॉलर. सहा दवाखाने, बायपासचे १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाहीही. त्यातल्या ६०४ जणांसाठी झाली, ५९७ जणांसाठी झाली नाही. तिसऱ्या गटातल्या ६०१ जणांना सांगितलं, तुमच्यासाठी नक्की होणार आहे, आणि झाली. प्रार्थना करणारे तीन ख्रिश्चन समूह होते. त्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर मिळे. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस, ठरलेलं एक वाक्य सगळ्यांच्या प्रार्थनेत असे.

महिन्याभरात काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण असं आलं. प्रार्थना झाली पण माहीत नव्हतं, त्यांच्यात शंभरांत ५२. झाली नाही, त्यांच्यात ५१. म्हणजे दूरच्या अनोळखी माणसांच्या प्रार्थनेनं फरक पडला नाही. आणि ज्यांना नक्की सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे, त्यांच्यात ५९.

कागद माझ्या हातात तसाच राहिला. हा वाढलेला आकडा निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलेलं आहे. मृत्यू तिन्ही गटांत सारखेच होते. घरच्यांच्या प्रार्थनेला कुणी अडवलं नव्हतं, म्हणजे कुणासाठीच प्रार्थना झाली नाही असा खरा गट तिथं नव्हताच. हे सगळं मला समजतं. पण अभ्यासातल्या एका डॉक्टरांनी तेव्हा बोलून दाखवलेली शंका वाचली आणि अंगावर काटा आला. रुग्णाच्या मनात आलं असेल का, की मी इतका आजारी आहे का की प्रार्थना करणाऱ्यांना बोलवावं लागलं? अक्का तेच तर म्हणाल्या होत्या. "एवढं काय झालंय गं मला?"

त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक अभ्यास आला होता, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'मंत्र' असं नाव केलेलं. नऊ दवाखाने, ७४८ हृदयरुग्ण. प्रार्थनेला ख्रिश्चन होते, ज्यू होते, मुसलमान होते, बौद्ध भिक्खू होते. दुरून केलेल्या प्रार्थनेनं फरक पडला नाही. पण त्याच अभ्यासात काही रुग्णांजवळ प्रत्यक्ष माणूस बसवला होता. तो श्वास शांत करायला शिकवी, संगीत ऐकवी, मनात आवडती जागा आणायला सांगे आणि अंगावर हात ठेवी. त्या रुग्णांची उपचाराआधीची घालमेल कमी झाली. सहा महिन्यांतले मृत्यूही त्यांच्यात कमी दिसले, पण अभ्यासाचा मुख्य प्रश्न तो नव्हता आणि आकडे लहान होते, म्हणून त्यावर मी भार टाकत नाही. घालमेलीवर टाकते.

आपल्या देशातही हे संपलेलं नाही. दिल्लीच्या एका सरकारी दवाखान्यात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी महामृत्युंजय मंत्राचा प्रयोग अगदी अलीकडे झाला.

ह्या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वर कुणीतरी ऐकणारा आहे, आणि त्यानं ठरवलं तर तो देणार आहे. गाल्टन त्याला नाकारायला निघाला, बर्ड सिद्ध करायला, पण कल्पना दोघांची एकच. लहानपणी स्वाध्यायाला बसवायचे तेव्हा आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ह्याच्या उलट. जिनेंद्र वीतराग आहेत. ते कुणावर प्रसन्न होत नाहीत, कुणावर रागावत नाहीत. असाता वेदनीय कर्माचा उदय आहे तोवर दुखणार, आणि ते दुखणं कसं सोसायचं तेवढं आपल्या हातात. णमोकारात पाचही परमेष्ठींना नमस्कार आहे, मागणी एकही नाही. म्हणजे थॉम्पसननं त्याचं माप घेऊन आमच्या बस्तीत यावं तर त्याला मोजायला काही सापडायलाच नको.

पण खरं सांगायचं तर आम्ही तेवढ्या शुद्ध मनानं बसत नाही. गंधोदक डोळ्यांना लावताना चष्म्याचा नंबर वाढू नये असं मनात येतंच. पद्मावतीच्या ओटीत आम्ही काय काय मागतो ते आमचं आम्हाला ठाऊक. आणि मैनासुंदरीची कथा तर घराघरात आहे: सिद्धचक्राच्या गंधोदकानं श्रीपालाचं आणि त्याच्या सातशे सोबत्यांचं कुष्ठ गेलं. अष्टाह्निकेत ती ऐकूनच मी पाळ्यांची वही काढली होती. माझी आजी ती कथा सांगायची तेव्हा गंधोदकाच्या जागी ती पटकन पुढं जायची, आणि त्याआधीचं सांगत बसायची. बापानं रागानं मुलीला कुष्ठरोग्याच्या हाती दिलं, आणि मुलगी त्याच्या अंगाला हात लावायला कचरली नाही. सगळं गाव नाक दाबून लांब उभं असताना ती जखमा धुवत होती. लहानपणी मला वाटायचं आजी चमत्कार सांगायचं टाळते का.

आपल्या शास्त्रात ह्याला नाव आहे, वैयावृत्त्य. आजारी मुनी-आर्यिकांचे पाय दाबणं, त्यांना उठवणं-बसवणं, अंग पुसणं. ते सहा अंतरंग तपांत मोजलेलं आहे. उपचार म्हणून नव्हे, तप म्हणून. ज्याचा हात लागतो त्याचं तप.

अक्कांच्या त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. मध्यरात्रीनंतर मी बोलणं सोडून दिलं. काय बोलावं तेच कळेना. स्टूल ओढून पायथ्याशी बसले आणि त्यांचे पाय चेपत राहिले. पाय बर्फासारखे गार होते. पहाटे चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "पुरे गं, तुझे हात दुखतील." मी थांबले नाही. झोप नाही लागली त्यांना, पण पुन्हा काही विचारलं नाही.

गेल्या फाल्गुनात मंडळातल्या एकीच्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. मी ह्या वेळी आधी तिच्या घरी गेले आणि विचारलं, "तुझ्यासाठी जप ठेवू का? तुला आवडणार असेल तरच." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठेवा की. पण मला सांगत बसू नका. आणि वैनी, माझी सून बाळंतपणाला गेलीय, रात्री दवाखान्यात माझ्याजवळ कोण झोपणार ते आधी ठरवा."

मी वही काढली. पाच रात्रींना पाच नावं लागणार होती. पहिलं अक्कांनी स्वतःच सांगितलं.